मोटारीचं दावं

नवरा मुंबईला गेलेला असताना मी त्याची मोटार दिली आणि म्हैस घेतली.

हे वाक्य मी आजवर सुनांना, नातवंडांना आणि एकदा तर दात काढणाऱ्या डॉक्टरलाही सांगितलं आहे. प्रत्येक जण मला हळूच दुरुस्त करतो, "आजी, म्हैस देऊन मोटार घेतली, असं म्हणायचंय ना?" नाही रे बाळांनो! म्हैस देऊन मोटार घ्यायला अक्कल लागते. मी तेव्हा जेमतेम बाविशीची होते, आणि माझी अक्कल अजून माहेरीच होती.

महाडला आमची भाताची गिरणी होती. तिचा जरा जम बसला तशी आमच्या ह्यांना मोटारीची स्वप्नं पडायला लागली, आणि एके दिवशी पनवेलच्या एका डॉक्टरांची जुनी काळी मोटार त्यांनी विकत घेतली. डॉक्टर ती का विकताहेत हे ह्यांना तिथे कळलं नाही. ते वडखळला कळलं. कोलाडला पुन्हा कळलं. माणगावला तर इतकं कळलं, की स्वारी घरी आली ती बैलगाडीत बसून, आणि मोटार मागून दोरीने बांधलेली!

तिची बॅटरी मेलेली होती. त्यामुळे तिला चालू करायचं म्हणजे पुढच्या भोकात लोखंडी हँडल घालून गरागरा फिरवायचं. ह्यांनी फिरवायचं, मी आत बसून देवाचं नाव घ्यायचं आणि सासूबाईंनी ओटीवरून "लागली का गो? लागली का?" असं ओरडून विचारायचं. लागली की सगळी आळी टाळ्या पिटायची. नाही लागली की तीच आळी ढकलायला यायची. नऊवारीचा काष्टा आवळून मोटार ढकलणारी घरंदाज सून तुम्ही पाहिली नसेल. महाडकरांनी आठवड्यातून दोनदा पाहिली.

एकदा आम्ही तिच्यातून पाचाडला निघालो. वाटेत तिला तहान लागली. आमच्यासाठी घेतलेली पाण्याची कळशी ती प्यायली, मग ताक प्यायली (खरंच! पाणी संपलं होतं, आणि ह्यांना धीर धरवेना), आणि चढावर अशी काही धापा टाकायला लागली, की मागून येणारा शेळ्यांचा कळप आम्हाला ओलांडून गेला. शेवटची शेळी तर काचेतून आत डोकावून गेली.

पण ह्यांचा जीव तिच्यावर! उपरण्याने तिची काच पुसायचे. चढ आला की तिच्या गिअरच्या दांडक्यावर थोपटून म्हणायचे, "चल गो माझी बाय, एवढा चढ चढ, मग आराम." मी त्या घरात येऊन चार पावसाळे झाले होते. मी पाण्याचे हंडे घेऊन पायऱ्या चढताना मला कुणी "चल गो माझी बाय" म्हटलं नव्हतं! तेव्हा माझं आणि त्या मोटारीचं काय नातं होतं, ते बायकांना वेगळं सांगायला नको.

आणि हेच गृहस्थ, मोटार भर बाजारात बंद पडली की कपाळाचा घाम निपटून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचे, "देऊन टाकतो मेलीला! कुणी म्हैस दिली तरी देऊन टाकतो!"

मी हे मनात नीट जपून ठेवलं.

वैशाखात हे गिरणीच्या पट्ट्यासाठी म्हणून मुंबईला गेले. सासूबाई कुणाच्या तरी बारशाला गेल्या होत्या. आणि दारात हाक आली, "बाय हाय का गो घरात?"

धोंडूमामा! पोलादपूरच्या बाजूचे, माझ्या माहेरच्या गावचे मोठे खातेदार. रक्ताचं नातं नाही, पण मी परकरी वयाची असल्यापासून मामा. सोबत त्यांचा थोरला मुलगा शिवा, मुंबईत लॉरी चालवणारा, डोळ्यांवर काळा चष्मा. आणि त्या दोघांच्या मागे एक म्हैस, रेडकासकट.

"धाकट्याचं लगीन हाय," मामा टेकत म्हणाले. "पोरगी पाचाडची. पावण्यांच्या गावात अजून मोटारीतनं नवरा गेला नाय. आमचा पयला जायाला पायजे. तुमची गाडी द्यायची हाय म्हनून बाजारात आयकलं."

ऐकलं असणारच. पोलादपूरपर्यंत जाईल असाच ह्यांचा आवाज होता.

"बदल्यात काय देणार मामा?"

"ही म्हस. पयल्या वेताची. घरात कालवून खायाला दूध नको?"

माझ्या अंगावर काटा आला. ह्यांच्या तोंडून निघालेली म्हैस, आणि ती माझ्या दारात उभी! हा कौलच की! मी देवाला हात जोडले, सुपारी आणली, मामांनी ती फोडली आणि सौदा झाला.

आता आमच्या भागातली एक रीत सांगते. जनावर विकलं तरी त्याचं दावं घेणाऱ्याला द्यायचं नसतं. दावं गेलं की गोठ्यातली लक्ष्मी त्याच्या मागून चालती होते. त्याप्रमाणे मामांनी म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडलं, गुंडाळलं आणि खांद्यावर टाकलं. ते पाहून माझ्यातली शेतकऱ्याची लेक जागी झाली. मामांनी दावं ठेवलं, आणि मी काय बिनरीतीची? पण मोटारीचं दावं कोणतं?

शिवाने मोटार चालू करून हँडल ओटीला टेकवून ठेवलं होतं आणि तो आत बसून भोंगा वाजवत होता. मी हँडल उचललं आणि पदराखाली घेतलं.

"मामा, दावं देत नाही हं!"

मामांनी हँडलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कौतुकाने मान हलवली. "बराबर हाय गो बाय. दावं कोन देतंय?"

आणि गाडी धूर सोडत निघून गेली.

मी विजयी मुद्रेने वळले, तर म्हैस बाजाराच्या दिशेने निघालेली! गळ्यात दावं नाही ना! हाताला लागलं ते ओढलं, आणि ते ह्यांचं वाळत घातलेलं नवं धोतर निघालं. म्हैस धोतराने खांबाला बांधली. तिने वळून धोतराकडे पाहिलं आणि खायला सुरुवात केली.

तेवढ्यात सासूबाई आल्या.

"ही कोण गो?"

"म्हैस."

"ते दिसतंय मला. गाडी कुठाय?"

"हीच."

सासूबाई ओटीवर बसल्या. मी सगळं सांगितलं. ज्या बाईने त्या मोटारीला रोज "काळतोंडी" म्हणून हाक मारली, ती बाई पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "मेली गेली गो माझी! जाताना तिला पाणी तरी दिलंस का?"

तिथे मला सौद्याचा पहिला पस्तावा झाला. दुसरा झाला तो संध्याकाळी, म्हशीने मला बादलीसकट उडवलं तेव्हा. रेडकाला ती पान्हा सोडायची; मी जवळ गेले की दूध कुठल्या कुठे पळवायची. मोटार तरी लाथ मारत नव्हती! आणि आळीतला एकेक जण येऊन विचारायचा, "आज ढकलायची नाही का वहिनी?" हात रिकामे राहिल्यासारखे उभे राहायचे बिचारे. मलाही दंडात काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. मोटारखान्यात तेलाचा काळा डाग तेवढा राहिला होता. तो मी पुसायला घेतला, आणि पुसवेना.

तिसरा मात्र खरा. गिरणीवरचा माणूस सहज म्हणाला, "मालक उद्या संध्याकाळच्या गाडीने येतायत. पट्टा कसला वहिनी, पट्टा तर इथेच मिळतो! ते मोटारीची नवी बॅटरी आणायला गेलेत. म्हणाले, घरच्या बाईमाणसाला ढकलायला लावणं बरं दिसत नाही."



उद्या संध्याकाळच्या आत मोटार परत आलीच पाहिजे! रात्रभर मी तेवढाच जप करत होते. आणि देव पाठीशी असावा, कारण सकाळी पोलादपूरहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरने भर स्टँडवर माझ्या नावाने पुकारा केला, "गिरणीवाल्या वहिनींना निरोप हाय! धोंडूमामा बोललेत, गाडी बसली ती उठत नाय, आनी वऱ्हाड दारात उभं हाय!"

निरोप घरी पोचला तशा सासूबाई म्हणाल्या, "जा. आणि काळतोंडीला घेतल्याशिवाय येऊ नकोस."

मी हँडल जुन्या लुगड्यात गुंडाळलं, तान्ह्या मुलासारखं मांडीवर घेतलं आणि परत जाणाऱ्या त्याच एस.टी.त बसले. शेजारच्या म्हातारीने कौतुकाने विचारलं, "मुलगा की मुलगी गो?" मी म्हटलं, "दावं आहे." ती उठून पुढच्या बाकावर गेली.

मामांचं अंगण रस्त्याच्या बरंच खाली, नदीच्या अंगाला. शिवाने ऐटीत मोटार खाली उतरवली होती, बंद केली होती, आणि नंतर हँडल शोधलं होतं. मी पोचले तेव्हा बापलेकांची जुंपलेली.

"बाबा, हँडलबिगर इंजन लागतंय काय? डोकं हाय का नाय?"

"अरे ते दावं हाय! बायनं ठेवलान ती रीतच हाय!"

"आनी वर ढकलनार कोन? तुमची रीत?"

ढकलून पाहिली होती, चढ तिला मानवला नव्हता. बैलजोडी लावून पाहिली होती, तर बैल पुढे गेले होते आणि त्यांच्याबरोबर मोटारीचं पुढचं लोखंडी मिशीसारखं असतं ना, तेवढंच गेलं होतं! मुंडावळ्या बांधलेला नवरदेव आत बसून रडकुंडीला आलेला. आणि मोटार... मला पाहून तिचे ते दोन गोल दिवे असे काही झाले, की मी चारचौघांत तिच्या बॉनेटवरून हात फिरवला. (तो चटकन मागे घेतला. वैशाखातलं ऊन होतं.)

"मामा," मी म्हटलं, "दावं घेऊन आलेय. पण सौदा उलटवायचा. गाडी परत, म्हैस परत."

"सुपारी फुटली गो बाय! फुटलेली सुपारी जुळते काय?"

"मग मी निघाले." मी हँडल काखोटीला मारलं. इतकी निर्दय मी आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही.

मामी मधे पडल्या. म्हैस गेल्यापासून त्या जेवल्या नव्हत्या. "घ्या ओ सौदा मागं! माझी म्हस तिकडं उपाशी आसंल!"

शेवटी ठरलं ते असं, की आज लग्न होऊ द्यायचं, वऱ्हाड पाचाडला पोचलं की मोटार महाडला आमच्या दारात सोडायची आणि म्हैस घेऊन जायची. पण तोवर हँडल शिवाच्या हाती द्यायला मी तयार नव्हते. दावं माझ्याजवळ, म्हणून गाडी माझी! मामा म्हणाले, "मग दाव्यासंगं तूच चल." निघताना मामींनी आपलं एक जुनं लुगडं माझ्या हातात कोंबलं. "तवर दूध काढायचं तर हे नेस. तिला माझा वास लागतो. तुझ्या गाडीला हँडल, माझ्या म्हशीला लुगडं."

अशी मी, कुठल्याही पक्षाची कुणीही नसलेली बाई, त्या वऱ्हाडात पुढच्या सीटवर नवरदेवाच्या भावाशेजारी जाऊन बसले. मांडीवर हँडल. मागे नवरदेव, मामा, करवली आणि नारळाची पाटी. वाजंत्रीवाले टपावर.

काळतोंडीने माझी परीक्षाच पाहायची ठरवलं होतं. चढ संपला की बंद, बैल आडवा आला की बंद. शिवाचे कपडे लग्नाचे, त्यांना तेल लागायला नको, म्हणून दर वेळी मीच उतरायचे, पदर खोचायचे आणि हँडल मारायचे. आणि मी उतरले रे उतरले, की टपावरचे वाजंत्रीवाले जोरात वाजवायला लागायचे! त्यांना वाटलं, हाही लग्नातला एक विधीच आहे. बिरवाडीच्या फाट्यावर तर शेतातल्या बायका धावत आल्या, आणि एकीने मला हळदीकुंकू लावलं. "कुनाकडचा रिवाज गो ह्यो?" "महाडकडचा," मी धापा टाकत म्हटलं.

मी मनात एकच धावा करत होते. संध्याकाळची मुंबईची गाडी कधीच वेळेवर येत नसे. आजही नको येऊ दे. आमचं वऱ्हाड तोवर महाडातून पार होऊ दे, पाचाडला पोचू दे, मोटार परत येऊ दे, तिच्या जागी उभी राहू दे, मग येऊ दे. लोकांना वाटत होतं मी मंगलाष्टकं म्हणतेय.

महाडच्या एस.टी. स्टँडसमोर काळतोंडीने एक मोठा ढेकर दिला आणि ती थांबली.

मी उतरले. वाजंत्री सुरू झाली. मी पदर खोचला, हँडल भोकात घातलं, एक गिरकी, दुसरी गिरकी... आणि समोर मुंबईची गाडी उभी. वेळेच्या आधी! एस.टी.ने जन्मात एकदा हा पराक्रम केला, तो त्या दिवशी.

दारातून हे उतरले. हमालाच्या डोक्यावर नवी कोरी बॅटरी. ह्यांनी आधी वाजंत्री पाहिली. मग फुलांच्या माळा घातलेली आपली मोटार पाहिली. मग तिच्यातला परका नवरदेव पाहिला. आणि मग तिच्यापुढे ओणवी होऊन हँडल मारणारी, कपाळभर कुंकू आणि कोपरापर्यंत तेल माखलेली आपली बायको.

"हे," हे म्हणाले, "काय आहे?"

मी तोंड उघडणार तोच मामा खाली उतरून हात जोडून उभे. "जावईबापू, रामराम! गाडी आमी घेतली, म्हस तुमाला दिली. सुपारी फुटली. पन बाय म्हनते, सौदा मागं घ्या. आता तुमी मालक. तुमी सांगाल तसं."

सगळं वऱ्हाड कान देऊन उभं. रिक्षा नसलेल्या त्या काळात स्टँडवरचे सगळे टांगेवालेही उभे. मी मामांच्या मागून ह्यांना खुणा करत होते, डोळे मोठे करत होते, मान हलवत होते: हो म्हणा, मागे घेतो म्हणा! सगळं जुळलंय हो, फक्त "बरं" म्हणा!

ह्यांनी माझ्या खुणा पाहिल्या आणि त्यांचा अर्थ लावला. अर्थ असा लावला, की बायको म्हणतेय, चारचौघांत माझी लाज राखा.

"मामा," हे छाती काढून म्हणाले, "आमच्या घरातल्या माणसाने फोडलेली सुपारी आम्ही मागे घेत नाही. हिने दिली म्हणजे मी दिली. नवरदेवाच्या खालून गाडी काढून घेऊ काय?"

वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या. मी डोळे मिटून घेतले.

आणि एवढ्यावर थांबतील तर ते हे कसले! त्यांनी माझ्या हातातलं हँडल घेतलं, स्वतः एकच गिरकी मारली, आणि ती अवदसा, माझ्याकडून घटका घटका घाम काढून घेणारी, ह्यांचा हात लागताच गुरगुरायला लागली. ह्यांनी तिच्या बॉनेटवर थोपटलं. मग हँडल शिवाच्या हाती दिलं. वर हमालाला हाक मारून बॅटरीही आत ठेवायला लावली! "नवरीला घेऊन परतताना बंद पडायला नको," म्हणाले.

गाडी पाचाडच्या रस्त्याला वळून दिसेनाशी झाली. हे बराच वेळ धुळीकडे पाहत उभे होते.

पुढे आमच्याकडे आणखी गाड्या झाल्या. चांगल्या होत्या, किल्ली फिरवली की मुकाट्याने चालायच्या. त्यांना कुणी ढकलायला आलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्यांच्यातून आम्ही कुठे कुठे गेलो तेही मला आठवत नाही. काळतोंडी कितीतरी वर्षं पोलादपूरला नवऱ्या आणत होती आणि अडलेल्या बायकांना महाडच्या दवाखान्यात पोचवत होती. शिवा आमच्या घरावरून जाताना भोंगा वाजवायचा. तो वाजला की ह्यांचा घास हातात राहायचा, आणि मी उगाचच आमटी ढवळत बसायचे. सासूबाई तेवढ्या उघड बोलायच्या, "आवाज बसलाय गो तिचा. तिकडे तिची आबाळ करतात."

पण त्या संध्याकाळचं सांगते. स्टँडवरून घरापर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर रिकाम्या मोटारखान्यात जाऊन आले, तरी बोलले नाहीत. चहा घेतला नाही. अर्धं उरलेलं धोतर पाहिलं, त्यावरही काही बोलले नाहीत.  काहीतरी करायचं म्हणून मी मामींचं लुगडं नेसले आणि चरवी घेऊन म्हशीखाली बसले. म्हैस हुंगली, हंबरली आणि तिने पान्हा सोडला. फेसाळ चरवी घेऊन मी ह्यांच्यापुढे उभी राहिले, कुणाच्या तरी लुगड्यात, तेलकट तोंडाने, आणि म्हटलं, "अहो, काहीतरी बोला. शिव्या द्या हवं तर."

ह्यांनी चरवीत पाहिलं. मग ओटीवर जपमाळ घेऊन बसलेल्या सासूबाईंकडे बराच वेळ पाहिलं. मग अगदी शांतपणे मला म्हणाले:

"पुढच्या खेपेला मुंबईला जाताना मी आईला बरोबर घेऊन जाणार. परत आलो आणि तिच्या जागी शेळी बांधलेली दिसली, तर मी काय करू?"